डबीवरचं नाव

"ही तुमची," सुवर्णावहिनी म्हणाल्या, आणि डबी माझ्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दोन पावलं मागं सरकल्या.

लाल झाकणाची प्लॅस्टिकची डबी. संडास तपासायला द्यायची असते तसली. झाकणाला आतून चिकटलेला इवलासा चमचा. मी दहा वर्षं पेशंट सांभाळत होते, असल्या डब्या शेकड्यानं भरल्या होत्या. म्हणजे दुसऱ्यांच्या.

मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. पाच दिवस मी कानीकपाळी ओरडत होते की अक्कांची तपासणी करा. शेवटी ऐकलं म्हणायचं.

"बरं झालं वहिनी. आत्ता अक्का उठल्या की घेते."

"अक्कांची नाही हो. तुमची."

"माझी काय?"

"तुमची तपासायची आहे."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी गडबड आहे. "मला काय धाड भरलीय?"

"तेच तर बघायचंय," म्हणत शिवानंददादा आतून आले. अंघोळ झालेली, कपाळाला भस्माचे पट्टे, शर्टाचं वरचं बटण लावत होते. "आईला काय झालंय ते दिसतंयच की मावशी. कुणामुळं झालं ते शोधायला पाहिजे."

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पण पेशंट सांभाळायला ब्यूरोतून येणारी बाई म्हणजे मावशी. हा हुद्दा असतो, नातं नसतं.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. अजून लाल झाकण दिसलं की माझी कानशिलं तापतात.

अक्का म्हणजे सोनाक्का आवटी. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. परसातल्या पायरीवरून पाय घसरला आणि खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी घरी आणलं, आणि सहाव्या दिवसापासून मी, सकाळी आठ ते रात्री आठ. आल्या आल्या आडनाव विचारून झालं. ऐवळे म्हटल्यावर वहिनींनी "अच्छा" एवढंच म्हटलं आणि दुपारी माझा चहा वेगळ्या कपातून आला. कान तुटलेला कप. कपाला कान नसला तरी चहा गरम होता, आणि अक्का फार गोड बाई होत्या.

दादांचं चौकात औषधांचं दुकान. भिंतीवर टांगलेली डिग्री त्यांची होती की भाड्यानं आणलेली, ते मला माहीत नाही. पण त्यांचा हात मोठा मोकळा. दवाखान्यानं पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, यांनी अजून आठवडाभराचं वाढवलं. "जखम मोठी आहे, असू दे." आठवडा संपायच्या आत अक्कांना जुलाब सुरू झाले. दिवसाला चार, मग आठ, मग मी मोजायचं सोडलं. हिरवट, पाण्यासारखे, आणि वास असा की मी बाई इतकी वर्षं या धंद्यात, मलाही खिडकीशी जाऊन उभं राहावं लागायचं. दादांनी लगेच गोळ्यांची दुसरी पट्टी आणली. "ही वरच्या ताकदीची आहे." वर जुलाब बंद व्हायच्या गोळ्या. आणि ताक बंद, का तर वहिनींना कुणीतरी सांगितलं म्हणून.

आता माझी एक सवय सांगते. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, बारीक अक्षरांचा. लोक तो फेकतात. मी नाही फेकत. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी त्या कागदांवरून शिकले, जुन्या बाजारातून आणलेली डिक्शनरी शेजारी ठेवून. त्यामुळं मला अजूनही इंग्रजीत चहा मागता येत नाही, पण मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी, हे वाचता येतं.

त्या नव्या पट्टीच्या कागदावर लिहिलं होतं: जोराचे जुलाब लागले तर औषध थांबवा, डॉक्टरांना कळवा. आणि एका जंतूचं नाव होतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. ते नाव माझ्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका दवाखान्यात मी एका पेशंटजवळ होते, तेव्हा सिस्टरनं खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं, साबण-पाण्यानंच हात धुवा. मी विचारलं होतं, बाटलीतलं का नाही चालत? ती म्हणाली होती, "हे बेणं बिया धरून बसतं. बाटलीतल्या स्पिरिटनं बी मरत नाही. ती पाण्यानं वाहून जायला लागते."

मी तो कागद घेऊन दादांकडं गेले होते. डबी यायच्या पाच दिवस आधी.

"दादा, यात लिहिलंय बघा. अक्कांची तपासणी करून घ्या. नाहीतर मिरजेच्या डॉक्टरांना फोन तरी लावा."

दादांनी कागद हातातही घेतला नाही. "मावशी, पंचवीस वर्षं मी हेच विकतोय. तुम्ही मला वाचून दाखवणार?"

"वाचून नाही हो, नुसतं..."

"डॉक्टर तरी काय सांगणार? हीच गोळी लिहिणार, आणि ती माझ्याच दुकानातून येणार. तुम्ही तुमचे हात नीट धुवा म्हणजे झालं."

त्याच दिवशी अक्कांच्या दाराशी खिळ्याला सॅनिटायझरची बाटली टांगली गेली. आत जाताना चोळायचं, बाहेर येताना चोळायचं. आणि आतलं बेसिन मला बंद. मी परसातल्या नळावर माझ्या साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत हात धुवून यायचे, तर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "किती वेळ त्या नळाशी? बाटली दिलीय ना चांगली!"

आणि आता डबी.

"दादा," मी म्हटलं, "जुलाब अक्कांना होतायत. मला नाही. माझी तपासून काय मिळणार?"

"काही माणसांच्या पोटात रोग असतो, त्यांना काही होत नाही. दुसऱ्याला देतात. तुम्ही कुठं राहता, काय खाता, आम्हाला काय माहीत?"

"तुमच्यासारखंच खाते. फक्त कप वेगळा आहे."

वहिनींनी मान फिरवली. दादा म्हणाले, "उगाच मनाला लावून घेऊ नका. सगळ्या टेस्ट लावायला सांगितल्यात मी लॅबला, कसर ठेवायची नाही. नाहीतर ब्यूरोला फोन करतो, दुसरी बाई पाठवतील."

"मग अक्कांची पण द्या ना, एवढं करताय तर."

"आईची कशाला उकरायची? आवटींच्या घरातली संडास लॅबमध्ये फिरवायची होय? तिथं सगळे ओळखीचे आहेत."

म्हणजे बघा. माझी फिरवायला हरकत नव्हती.

मी डबी उचलली आणि अक्कांच्या खोलीत गेले ती पिशवी भरायलाच. डबा, पाण्याची बाटली, चष्मा. अक्का जाग्या होत्या. पाच दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते, ओठांना पांढरी साय धरली होती. डोळे मात्र तसेच, सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचे.

"कुठं निघालीस गं?"

"घरी. मी चालले अक्का. मला नाही जमायचं."

"ऐकलं मी सगळं. भिंत काय, कागदाचीच आहे." त्यांनी धाप घेतली. "शिवा लहानपणापासून असाच. शाई सांडली की आधी दुसऱ्याचे हात बघायचा."

मला रडू आलं, रागाचं. रागाचं रडू फार वाईट, नाक गळतं आणि माणूस बावळट दिसतं.

"मला काय झालंय ते तुला माहितेय का?" अक्कांनी विचारलं.

"नक्की नाही. मी काय डॉक्टर आहे? पण मला वाटतं ते सांगू?"

"सांग की."

"आपल्या पोटात चांगल्या जंतूंची गर्दी असते अक्का. लाखोंनी. त्यांची तिथं वहिवाट असते. आलेलं खाणं ते आधी खाऊन टाकतात, जागा अडवून बसतात. एखादा वाईट शिरलाच तर त्याला ना खायला मिळत ना टेकायला. तो कोपऱ्यात बी होऊन पडून राहतो. औषधानं ती सगळी गर्दी मारली की रान मोकळं. मग तो उठतो. पडीक रानात गाजरगवत कसं माजतं, तसा माजतो, आणि विष सोडतो."

अक्कांनी छताकडं बघत ऐकलं. "म्हंजे शिवानं माझं रान नांगरून टाकलं आणि पेरलं काहीच नाही."

"तसंच म्हणा."

"आणि गवत उगवलं म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या बाईला धरलं."

मी हसले. त्या अवस्थेत अक्काही हसल्या आणि त्यांना कळ आली. त्यांनी पोट धरलं.

"मी मरीन का गं यात?"

मिरजेचा तो पेशंट वाचला नव्हता. "औषध असंच चालू राहिलं तर सांगता येत नाही," मी म्हटलं.

"हं." त्यांनी हात पुढं केला. "ती डबी बघू. आणि दार लोट आधी."

मी दार लोटलं.

तासाभरानं मी पिशवीत डबी घेऊन लॅबच्या काउंटरशी उभी होते. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली: मालन ऐवळे. काउंटरवरची मुलगी वेणीवाली, नुकतीच लागलेली असावी. "आवटींच्या दुकानातून फोन आला होता," ती म्हणाली, "सगळं लावायचंय ना?"

"सगळं. आणि हे पण लावा." मी गोळ्यांचा तो कागद काढून नावाखाली ओढलेली रेघ दाखवली.

तिनं वाचलं. "ही टेस्ट आमच्याकडं होत नाही, मुंबईला जाते. तीन-चार दिवस लागतात. आणि पातळ असेल तरच घेतात हं. घट्ट असेल तर परत पाठवतात."

"घट्ट नाहीये."

तिनं डबी उजेडात धरली. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं बाई. बसा ना मावशी. किती दिवस होतंय असं? पाणी पीत जा, मीठ-साखर घालून."

त्या घरात इतक्या दिवसांत मला कुणी पाणी पी म्हणालं नव्हतं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अक्कांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. अंगात ताप. मी चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होते, दर अर्ध्या तासानं. गोळ्या द्यायला मी सरळ नाही म्हटलं. "माझ्या हातानं देणार नाही, वहिनी. तुमच्या हातानं द्या." मग वहिनी द्यायच्या आणि अक्का गालात धरून ठेवायच्या. वहिनींची पाठ वळली की जिभेवर गोळी काढून मला दाखवायच्या, शाळेतल्या वाह्यात पोरीसारख्या. पण रात्रीची दादा स्वतः द्यायचे, घसा हललेला बघूनच उठायचे. दुसऱ्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात माझ्या फोनवरून फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, पेशंटला घेऊन या, फोनवर कसं सांगायचं? बरोबर होतं त्याचं. मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "या खुब्यानं परत मिरजेला? आणि तुम्हाला फोन करायला कुणी सांगितलं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवायला आले ते स्कूटर नीट स्टँडला न लावताच. हातात कागद.

"सुवर्णा! बाहेर ये. मावशी, तुम्ही पण या. तिथंच थांबा, उंबऱ्याच्या पलीकडं."

मी अक्कांच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबले.

"सापडला!" दादा म्हणाले. माणसाला लॉटरी लागल्यावर चेहरा होतो तसा चेहरा. "दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांना दाखवला. म्हटलं बघा, घरात माणूस ठेवताना काय काय बघावं लागतं. ब्यूरोच्या नलिनीबाईंना पण फोन केला. मालन ऐवळे. पॉझिटिव्ह. क्लॉ... क्लॉस्ट्री..."

"क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल," मी म्हटलं.

"तेच! याचं विष सापडलंय तुमच्या पोटात."

वहिनींनी पदर नाकाला लावला. "बाई गं. आणि आमच्या घरात भांडी हाताळली हिनं."

"दादा," मी विचारलं, "हे फार वाईट असतं का?"

"वाईट? म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो याच्यात!"

"मग यावर करायचं काय असतं?"

दादांना विचारलेलं आवडायचं. मला वाटतं दुकानातून निघायच्या आधी त्यांनी कुणाला तरी विचारून किंवा पुस्तकात बघून घेतलं होतं. सगळं तोंडपाठ. "पहिलं म्हणजे जे अँटिबायोटिक चालू असेल ते बंद करायचं. त्यानंच हा माजतो."

"आणि जुलाब बंद करायच्या गोळ्या?"

"अजिबात द्यायच्या नाहीत! विष आतच कोंडतं. पोट फुगतं, आतडं फाटू शकतं."

"दवाखान्यात कधी जायचं?"

"आज. आत्ता. यात दिवस घालवायचा नसतो. तुम्ही तुमचं सामान घ्या आणि सरळ सरकारी दवाखान्यात..."

"मग गाडी बोलवा, दादा," मी म्हटलं. "डबीतलं अक्कांचं होतं."

मला आठवतं, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि कुणी गॅस बारीक करायला गेलं नाही.

"खोटं," दादा म्हणाले.

"कागद नीट वाचा. नमुना पातळ, असं लिहिलंय ना वर? घट्ट असला तर ही तपासणी करतच नाहीत. मी दोन आठवडे या घरात आहे. परसातल्या संडासात मी दिवसातून एकदा जाते, आणि कधी जाते, किती वेळ लावते, हे वहिनींना माझ्यापेक्षा जास्त माहितेय. विचारा."

वहिनींचा पदर नाकावरून खाली आला. हीच त्यांची साक्ष.

"तू... तू फसवलंस!" मावशीची आता तू झाली होती. "दुसऱ्याच्या नावावर..."

"शिवा." आतून अक्कांचा आवाज आला. इतका बारीक की आम्ही तिघंही आत गेलो. "माझंच आहे ते. मीच भरायला लावलं."

"आई, तू यात पडू नको."

"अरे, मी यातच पडलेय की दहा दिवस." त्यांनी चादरीवर हात आपटला, पण आवाज झाला नाही. "तिचं तपासायला तुला लाज वाटली नाही. माझं तपासायला वाटली. मग काय करायचं आम्ही? आता जे तोंडानं बोललास ना, आज, आत्ता, ते कर."

संध्याकाळी आम्ही मिरजेच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, कागद बघितला, गोळ्यांच्या पट्ट्या बघितल्या. "पाच दिवसांचं मी लिहिलं होतं. पुढचं कुणी दिलं?" दादा माझ्याकडं बघायला लागले. सवय वाईट. मी त्यांच्याकडं बघत राहिले. बाईंना कळायचं ते कळलं. "अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या. आधीचं सगळं थांबवलं. त्या जंतूवरचं नेमकं एक औषध तोंडावाटे चालू केलं, सलाइन लावलं, आणि दारावर कागद लागला, साबण-पाण्यानंच हात धुवा. चौथ्या दिवशी अक्कांनी मऊ भात मागितला. अक्का त्यानंतर सहा वर्षं जगल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी शांत असते.

दवाखान्यातच दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून येऊ नका. "खोट्या नावानं तपासणी केलीत. उद्या आणखी काय कराल?" मी म्हटलं ठीक आहे, पण तो रिपोर्ट दुरुस्त करून घ्या, आणि ब्यूरोला फोन करून सांगा. ते म्हणाले, "रिपोर्ट कसा बदलणार? आणि डबी मी भरली होती का? तुम्हीच भरलीत ना?"

हे खरं होतं. म्हणून तर राग जास्त आला. खोट्यावर माणूस ओरडू तरी शकतो.

ब्यूरोच्या नलिनीबाई वाईट नव्हत्या. "मालन, माझा विश्वास आहे गं तुझ्यावर," त्या म्हणाल्या, "पण विश्वास कुणाला दाखवू? लोकांना कागद दिसतो. दोन घरी तुझं नाव सुचवलं. दोन्हीकडून तेच, ती आवटींच्या घरची का? तिच्या पोटात काहीतरी आहे म्हणे." चौकातलं दुकान, दिवसाला दोनशे माणसं येणार. माझं पोट म्हणजे गावाचा विषय झाला होता. गल्लीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावलं, पण तिळगूळ तळहातावर वरून टाकला. मी महिनाभर घरी बसले. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची घाण काढून कधी कमीपणा वाटला नव्हता. तो आता वाटायला लागला, आणि तोही जी माझी नव्हतीच तिच्यासाठी.

मग एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आत अक्का, शेजारी घडी केलेला वॉकर. मागं स्कूटरवर दादा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"चल, बस," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"बस तर आधी. मला फार वेळ बसवत नाही."

रिक्षा लॅबसमोर थांबली. आत आठ-दहा माणसं, कुणी कोपरावर कापूस दाबून धरलेला, कुणाच्या हातात लाल झाकणाच्या डब्या. अक्का वॉकर टेकत, एकेक फरशी मोजत काउंटरपर्यंत गेल्या. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या. काउंटरवर तीच वेणीवाली मुलगी.

"बाळ," अक्का म्हणाल्या, आणि शिवणाच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोचत असेल तो आवाज लागला, "या बाईच्या नावावर तुमच्याकडं माझी घाण आहे. ती माझ्या नावावर करून द्या."

कापूस दाबलेले सगळे हात थांबले.

"आजी, रिपोर्ट देऊन झालाय तो," मुलगी गडबडली. "आता नाव कसं..."

"मग मी बसते. बदललं की उठीन."

"आई, हळू," दादा कुजबुजले. "लोक बघतायत."

"बघू देत. दुकानात हिचं नाव वाचून दाखवलंस तेव्हा काय भिंती बघत होत्या? आता तूच सांग यांना. मोठ्यानं सांग, मला हल्ली कमी ऐकू येतं."

अक्कांना भिंतीपलीकडचं ऐकू यायचं.

दादांनी घसा साफ केला. "तो नमुना... माझ्या आईचा होता. यांचा नव्हता."

"आणि?"

"आणि काय आई..."

"आणि?"

"आणि औषध मी दिलं होतं. कुणाला न विचारता."

त्यांना ते जड गेलं, हे मला दिसत होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. अजून येत नाही.

मुलगी आत जाऊन साहेबांशी बोलून आली. दादांची सही घेतली, अक्कांची घेतली, माझी घेतली. कॉम्प्युटरसमोर बसली आणि आम्हाला ऐकू जाईल असं वाचत टाइप करायला लागली. "मालन ऐवळे, हे काढलं. सोनाक्का... आवटी. स्त्री. वय, इथं चौतीस आहे. आजी, तुमचं किती टाकू?"

अक्कांनी वॉकरवर भार दिला. मग त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तेवढं मालनचं असू दे माझ्याकडं."